मोठ्यांचा वर्ग रिकामा का होतो?

मोहल्ल्यात मोठ्या बायकांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग सुरू करणे फारसे अवघड नसते. मशिदीतून एलान होतो, दोन-चार उत्साही मुली घरोघर फिरतात, कोणीतरी आपला हॉल देते आणि पहिल्या दिवशी चटया अपुऱ्या पडतात. 30-35 जणी येतात. पाट्या, पेन्सिली वाटल्या जातात, फोटो निघतो. तिसऱ्या आठवड्यात 15 उरतात. दुसऱ्या महिन्यात 6, आणि त्यातल्या दोघी वर्ग घेणारीच्या नात्यातल्या असतात. मग एक दिवस हॉलला कुलूप लागते आणि सगळीकडे एकच वाक्य ऐकू येते : "आमच्या बायकांना शिकायचेच नसते."

या सदराच्या वाचक भगिनींपैकी तिघींनी गेल्या दोन महिन्यांत हाच प्रश्न विचारला आहे. एकीने तर सरळ लिहिले आहे, "आपा, मी फुकट शिकवते, तरी येत नाहीत." या तिघींसाठी आणि ज्यांच्या मनात असा वर्ग काढायचा विचार आहे त्या सगळ्यांसाठी आजचा लेख.

सध्या या कामाला सरकारी आधारही आहे. केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला 'उल्लास' म्हणतात, 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी आहे. 15 वर्षांपुढच्या निरक्षर व्यक्तीला तिच्याच वस्तीतल्या स्वयंसेवकाने मोबदला न घेता शिकवायचे, अशी त्याची मांडणी. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांतून नोंदणी होते. पण नोंदणीच्या यादीत नाव असणे आणि चटईवर माणूस असणे यात फरक आहे, हे त्या यादीशी संबंध आलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

आम्ही बी.एड. केले तेव्हा बालमानशास्त्र शिकलो. मोठ्या माणसाला कसे शिकवावे याविषयी फारसे काही नव्हते. शाळेतले मूल कंटाळले तरी घंटा होईपर्यंत बसते, कारण त्याला जाता येत नाही. पन्नाशीच्या खाला कंटाळल्या की "चूल्हे पे दाल रखकू आयी मा" म्हणतात आणि चप्पल घालतात. मोठ्यांच्या वर्गाचा सगळा पेच इथे आहे. ती रोज नव्याने ठरवते की उद्या यायचे की नाही. आणि हा निर्णय ती वर्ग सुटताना घेते, दुसऱ्या दिवशी निघताना नव्हे. आज काही हाती लागले का, आणि आज आपली फजिती झाली का, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

आधी वेळेचे बोलू, कारण निम्मी गळती तिथेच होते. वर्गाची वेळ शिकवणारीच्या सोयीने ठरते. 1855 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मजूर आणि शेतकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती, कारण त्या माणसांचा दिवस त्यांचा स्वतःचा नव्हताच. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा आपण वर्तमानपत्रांत पाहिली असेल. गुलाबी नऊवारी नेसलेल्या, साठीच्या पुढच्या आज्या पाठीवर दप्तर घेऊन जातात. ती शाळा दुपारी भरते, घरकाम उरकल्यावर. आमच्या सोलापुरात तर आणखी एक वेळापत्रक आहे, ते नळाचे. पाणी चार-पाच दिवसांआड येते. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी बादशहाने बोलावले तरी बाई घराबाहेर पडणार नाही. विडी वळणाऱ्या बायकांना सकाळी कारखान्यात माल द्यायला आणि पान-तंबाखू आणायला जावे लागते. म्हणून आमचा वर्ग जोहरच्या नमाजनंतर, दुपारी अडीच ते पावणेचार, आणि पाण्याच्या दिवशी सुट्टी. ही सुट्टी आधीच जाहीर केलेली असली म्हणजे ती सुट्टी असते. जाहीर केली नाही तर ती गैरहजेरी होते, आणि गैरहजेरीची लाज पुढच्या दिवशी पायाला धरून ठेवते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. यावर मला जास्त लिहायचे आहे, कारण याकडे कोणी बघतच नाही.

मराठीत जवळचे दिसेनासे होणे आणि त्यासाठीचा चश्मा या दोन्हींना 'चाळिशी' म्हणतात. शिकलेल्या माणसाला चाळिशी लागली की लगेच कळते, कारण वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते. ज्या बाईने कधी वाचलेच नाही तिला कसे कळणार? सुईत दोरा ओवायला ती नातीला हाक मारते, तांदूळ सुनेला निवडायला देते, आणि तिला वाटते हे वयच असे. तीच बाई वर्गात येते, पुस्तकातला 'घ' आणि 'ध' तिला सारखाच दिसतो, 'प' आणि 'ष' सारखाच दिसतो. शिकवणारी म्हणते, "अहो, कालच तर सांगितले." बाई म्हणते, "मेरे दिमाग में नै बैठता." दोघींचाही निदान चुकलेला. दोष डोक्याचा नाही, दोन नंबरच्या भिंगाचा आहे.

आमच्याकडे नोंदणीच्या दिवशी अक्षर विचारत नाही, सुई-दोरा देतो. ज्यांना ओवता येत नाही त्यांची वेगळी यादी होते, आणि सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घेतल्यावरच त्यांना पाटी मिळते. तयार चश्मा शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, पण तपासणीशिवाय घेऊ नये, कारण याच वयात मधुमेह आणि मोतीबिंदूही निघतात आणि ते वेळेवर निघालेले बरे. एका वर्षी 28 जणींपैकी 17 जणींना चश्मा लागला. त्यातल्या एक खाला चश्मा लावून वर्गात आल्या आणि पहिल्यांदा काय पाहिले असेल? स्वतःच्या हाताचे नख. म्हणाल्या, "या अल्लाह, इत्ता मैल था क्या!" सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. पण त्यांनी नंतर दीड वर्ष वर्ग सोडला नाही.

आता शिकवायचे काय. प्रवेशिका हातात घ्यायची आणि पहिल्या पानापासून सुरू करायचे, हा आपल्या शिक्षकांचा धर्म झाला आहे. मोठ्या माणसाला 'कमळ बघ, छगन बघ' यात काय मिळणार? तिला कमळ लिहून कुठे दाखवायचे आहे?

आमच्या वर्गाचा पहिला धडा पुस्तकात नाही. तो धडा म्हणजे चार कागद : आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि विडी कामगाराचे पीएफचे कागद. ज्यांना पीएफ नाही त्यांनी मतदार ओळखपत्र आणायचे. चारही कागद समोर पसरायचे आणि त्यांत आपले नाव शोधायचे. वाचता येत नसले तरी चित्रासारखे शोधायचे : हा आकार इथे आहे, तसाच तिथे आहे का?

तसाच तो बहुतेकदा नसतो. आपल्या घरांतल्या बायकांच्या नावांची कागदावर काय दशा होते ते कोणत्याही तलाठी कार्यालयात जाऊन पाहावे. एकीकडे 'मेहरुन्निसा', दुसरीकडे 'मेहरून', तिसरीकडे 'मेहरूनबी', चौथीकडे 'महरुनीसा बेगम'. कुठे नवऱ्याचे नाव मधे, कुठे वडिलांचे. आडनाव एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक', आणि कुठे तेच पुढे, कुठे मागे. जन्मतारीख तर जवळपास सगळ्यांची 1 जानेवारी किंवा 1 जून. ज्याने लिहिले त्याने ऐकू आले तसे लिहिले, आणि जिचे नाव होते तिला ते वाचता आले नाही म्हणून ती गप्प राहिली. वीस वर्षांनी पीएफची रक्कम काढायला किंवा पेन्शन मागायला गेल्यावर खिडकीतला माणूस सांगतो, "नाव जुळत नाही." मग एफिडेव्हिट, फोटो, चकरा, एजंट. तीस वर्षे रोज हजार-हजार विड्या वळलेली बाई स्वतःच्याच पैशांपुढे परकी ठरते.

या धड्यात कोणालाही झोप येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत बाकी काहीही झाले नाही तरी प्रत्येकीला आपल्या नावाचा नकाशा पाठ होतो, आणि कुठल्या कागदावर तो नकाशा बिघडला आहे हेही कळते. नाव दुरुस्तीची खटपट लगेच सुरू करता येते. एका भगिनीने तर नवऱ्याला सांगितले, "कागदपर मेरा नाम दुसरी औरत का है, पैला वो निकालो." त्याने दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी घेतली.

नावातूनच पुढची अक्षरे निघतात. 'नूरजहाँ' मध्ये न आहे, र आहे, ज आहे, ह आहे. या चार अक्षरांतून 'जर', 'नजर', 'हजर' तयार होते. शेजारणीच्या 'फातिमा' मधून फ, त आणि म घेतले की 'तर', 'मत', 'रहमत', 'हजरत' येते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 साली आंजिकोस या गावात सुमारे 300 कष्टकऱ्यांना 40 तासांच्या पाठांत वाचायला शिकवले, त्याची जगभर चर्चा झाली. त्यांची पद्धत साधीच होती. लोकांच्या रोजच्या तोंडातला शब्द घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, आणि एकेका तुकड्याची बाराखडी करून त्यातून नवे शब्द लोकांनाच जुळवू द्यायचे. गवंडीकाम करणाऱ्यांच्या वस्तीत 'वीट' हा शब्द. मग कोण विटा बनवतो, कोणाचे घर विटांचे, यावर बोलणे व्हायचे. विडी कामगारांच्या वस्तीत शब्द शोधायला लांब जावे लागत नाही : पान, सूप, तंबाखू, हजार, मजुरी, सर्दी-खोकला. 'मजुरी' हा शब्द फळ्यावर लिहिला की अर्धा तास कोणाला गप्प करता येत नाही. करूही नये. त्या बोलण्यातूनच पुढचे दहा शब्द मिळतात.

यानंतरचा मुद्दा आपल्याच घरांपुरता आहे, आणि सर्वसाधारण प्रशिक्षणांत तो येत नाही. सरकारी यादीत निरक्षर म्हणून नोंदलेल्या आपल्या बऱ्याच भगिनी रोज कुरआन शरीफ वाचतात. लहानपणी मदरशात किंवा उस्तादबींकडे त्यांनी कायदा पूर्ण केलेला असतो. अर्थ कळत नसेल, पण अक्षर पाहून उच्चार करण्याची कला त्यांच्याकडे आहे. म्हणजे वाचनातला सगळ्यात कठीण टप्पा, खूण आणि आवाज यांची सांगड घालणे, त्यांनी सात-आठ वर्षांच्या वयातच पार केला आहे. अशा बाईला 'तुला काही येत नाही' असे धरून शिकवायला बसणे हा तिचा अपमान आहे आणि आपल्या वेळेचा नाश.

तिला सांगावे, मराठीतली मात्रा म्हणजे तुमचे जेर-जबर-पेश. जबर म्हणजे नुसते अक्षर, क. जेर म्हणजे कि. पेश म्हणजे कु. अक्षराचा पाय मोडला की जज्म. 'पत्ता' मधला जोड त म्हणजे तश्दीद. मी हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या रांगेतल्या एक दादीमाँ म्हणाल्या, "अगे, ये तो हमकू आताच है!" हा 'आताच है' ज्या दिवशी ऐकू येतो त्या दिवसानंतर ती विद्यार्थिनी सहसा गळत नाही.

मात्र याच ठिकाणी दोन खाचखळगे आहेत आणि ते शिकवणारीला आधीच माहीत हवेत. पहिला दिशेचा. उजवीकडून वाचायची सवय असलेला डोळा मराठी शब्दाच्या शेवटी जाऊन बसतो, आणि 'कमल' चे 'लमक' होते. सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला खडूने बाण काढावा आणि बोट तिथून सरकवावे. दुसरा खळगा बारीक आहे. जेर अक्षराच्या खाली असतो आणि पेश वर. मराठीत उलट, उकार खाली आणि इकाराची वेलांटी वर. त्यामुळे 'कु' दिसला की ती हटकून 'कि' वाचते. ज्या शिक्षिकेला उर्दू किंवा अरबी लिपी येत नाही तिला वाटते, ही बाई वेंधळी आहे. वेंधळी नाही, ती आपल्या आधीच्या शिक्षणाशी प्रामाणिक आहे. "इथे पेश खाली उतरला आहे" एवढे एक वाक्य सांगितले की चूक आठवड्यात जाते.

मग उर्दू आधी की मराठी आधी, हा वाद प्रत्येक वर्गात होतो. मी दोन्ही शिकवते, म्हणून दोन्हीकडची बोलणी ऐकते. माझे मत विचाराल तर मराठी आधी. एसटीची पाटी मराठीत, रेशन दुकानाचा फलक मराठीत, बँकेची पैसे काढायची पावती मराठीत, नातवाच्या शाळेची नोटीसही बहुतेक वेळा मराठीत. आणि जिला नाजरा कुरआन येतो तिला उर्दूसाठी पे, टे, चे, डाल, गाफ अशी थोडीच अक्षरे नव्याने शिकायची असतात, ती मराठीच्या मागोमाग सहज होतात. पण एखादी म्हणाली की मला आधी उर्दूच शिकायचे आहे, मुलीचे पत्र वाचायचे आहे, तर तिला अडवू नये. कारण तिच्याकडे आहे, आपल्याकडे फक्त मत आहे.

हिशेबाच्या बाबतीत तर आपणच विद्यार्थी व्हावे. 25 विड्यांचे बंडल, 40 बंडलांचे हजार. त्यातली इतकी नापास झाली, पान कमी पडले म्हणून इतक्याचे विकत आणले, तर हातात किती? हे गणित आमच्या वर्गातल्या बायका तोंडी करतात, आणि सवा, दीड, अडीच, पावणे या हिशेबात कॉलेजच्या मुलींना मागे टाकतात. त्यांना बेरीज शिकवायची नसते, बेरीज कागदावर कशी दिसते एवढेच दाखवायचे असते. म्हणून आधी उत्तर त्यांच्याकडून घ्यावे आणि मग फळ्यावर मांडावे. उलटे केले, आधी हातचा शिकवला, तर येत असलेले गणितही त्या विसरतात.

आता वर्गात प्रत्यक्ष तासभर काय होते ते पाहू. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सामूहिक वाचन. शिक्षिका म्हणते, "म्हणा, क-म-ल", आणि 20 जणी एका सुरात म्हणतात. ऐकायला छान वाटते, बाहेरून जाणाऱ्यालाही वाटते की शाळा भरली आहे. पण त्या सुरात 12 जणी फळ्याकडे पाहतही नसतात, सूर धरून चाललेल्या असतात. आणि आपल्याला येत नाही हे त्यांना स्वतःला माहीत असते. असे चार दिवस सुरात लपून काढले की पाचव्या दिवशी त्या येत नाहीत. "समजले का?" हा प्रश्नही तसाच. मोठी माणसे मुरव्वतीने 'हो' म्हणतात. हा प्रश्न माझ्या वर्गात बंद आहे. त्याऐवजी पाटी. मी शब्द सांगते, सगळ्या लिहितात, आणि "दाखवा" म्हटले की सगळ्या एकदम पाटी उचलतात. मला एका नजरेत कळते कोण कुठे आहे, आणि कोणा एकीवर बोट येत नाही. वहीपेक्षा पाटी चांगली ती यासाठीच. चूक पदराने पुसता येते. वहीतली चूक घरी जाते, आणि घरी सातवीतली मुलगी ती पाहून हसते.

प्रत्येक गटात एक हुशार बाई असते जी सगळ्यांची उत्तरे देते. तिला गप्प केले तर रुसते, बोलू दिले तर बाकीच्या बसून राहतात. तिला काम द्यावे. फिलिपाइन्समध्ये मिंदानाओ बेटावरच्या मारानाव मुसलमानांमध्ये 1930 च्या सुमारास फ्रँक लॉबाक यांनी साक्षरतेचे काम सुरू केले होते. मंदीच्या काळात शिक्षकांना द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा तिथल्या सरदारांनी काम बंद पडू दिले नाही. जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवायचे, असा दंडक घातला. 'एकाने एकाला शिकवावे' ही घोषणा जगभर गेली ती तिथून. आमच्याकडे प्रत्येक हुशार बाईच्या वाट्याला एक जोडीदारीण येते. अट एकच, उत्तर सांगायचे नाही, बोट धरून अक्षर गिरवून घ्यायचे. जोडी शेजारणींची असावी, कारण मग येताना एकमेकींना हाक मारून आणतात. सासू-सुनेची जोडी मात्र करू नये. त्याची कारणे लिहीत बसत नाही, आपण समजून घ्याल.

आणखी एक गोष्ट थोडी कटू वाटेल, पण लिहिते. वर्गात 20 बायका जमल्या आहेत असे कळले की मोहल्ल्यातल्या अनेकांना तिथे येऊन चार शब्द सांगायचे असतात. कोणाला आरोग्यावर बोलायचे असते, कोणाला बचतीवर, कोणाला बयान करायचे असते, निवडणूक जवळ आली की आणखी कोणाला. हेतू चांगलाच असेल. पण सव्वा तासाच्या वर्गात पाऊण तास ऐकण्यात गेला तर बाई रिकाम्या हाताने घरी जाते. ऐकण्यासाठी जुमा आहे, इज्तिमा आहे, आता मोबाइलही आहे. हातात पेन्सिल धरायला मात्र ही एकच जागा आहे. आमच्या वर्गाच्या दारावर बायकांनीच लिहिले आहे : 'पाहुण्यांनी शुक्रवारी यावे.' शुक्रवारी वर्ग नसतो.

लहान मुले आणू नका, असा नियम कुठेकुठे असतो. तो करू नये. त्या नियमाने तरुण आया पहिल्याच आठवड्यात जातात. कोपऱ्यात एक चटई आणि आळीपाळीने एक मोठी मुलगी, एवढे पुरते.

सलग तीन दिवस कोणी आली नाही तर घरी जावे. पण "का आली नाहीस" असे विचारायला नाही. तिची पाटी घेऊन जावे आणि सांगावे, "हे तुमच्याकडेच राहू द्या, काल आम्ही एवढे दोन शब्द केले." दारातच, दोन मिनिटांत. चहाला बसू नये, नाहीतर पुढच्या वेळी आपल्याला पाहून तिला पाहुणचाराचा घोर लागतो.

वर्ग टिकला की काय होते याचे एक उदाहरण सांगते. आठवड्याच्या हप्त्यावर बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या कंपन्या आता प्रत्येक गल्लीत आहेत. अशाच एका कंपनीचे हप्त्याचे कार्ड एक भगिनी वर्गात घेऊन आली, 'वाचायला काहीतरी' म्हणून. त्यावर तारखा, रक्कम आणि सहीचे रकाने होते. जोडीने बसून त्या तारखा वाचू लागल्या. वाचता वाचता तिच्या लक्षात आले की दोन आठवड्यांचे रकाने कोरे आहेत, आणि त्या दोन्ही आठवड्यांत तिने पैसे दिले होते. एका आठवड्यात तर भाचीचे लग्न होते, म्हणून दिवसही पक्का आठवत होता. ती एकटी गेली नाही. गटातल्या पाचही जणी आपापली कार्डे घेऊन बसल्या, आणि आणखी एकीच्या कार्डावर तोच प्रकार निघाला. वसुलीला माणूस आला तेव्हा कोणी आवाज चढवला नाही. बोट ठेवून विचारले, "ये तारीख का खाना खाली कायकू?" तो म्हणाला, राहून गेले असेल, आणि तिथेच भरून सही केली. राहून गेले असेलही. पण आता दर आठवड्याला पैसे देण्याआधी कार्ड वाचले जाते, सही झाल्यावर पुन्हा वाचले जाते, मग नोटा हातातून सुटतात. त्या महिन्यात आमच्या वर्गात 9 नव्या बायका आल्या. मशिदीतून एलान केला नव्हता.

घरातल्या मंडळींशी दोन शब्द. आपल्या घरात अम्मी, दादी किंवा भाबी शिकायला जात असेल तर तिची परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांसमोर "अम्मी, लिहून दाखवा ना" असे म्हणू नका, अगदी कौतुकाने सुद्धा नाही. मुलींनी आईला शिकवताना आवाज चढवू नये. आईने आपल्याला भरवताना किती वेळा तोंड पुसले ते आठवावे. पुरुषांनी एवढेच करावे, अडीच ते पावणेचार या वेळात जेवण मागू नये. आणि मोबाइलवर काही आले की लगेच वाचून दाखवू नये, थोडे थांबावे. तिचे ओठ हलत असतात, ते थांबेपर्यंत.

परीक्षेची भीती सगळ्यांना असते, म्हणून तेही सांगते. 'उल्लास' ची चाचणी 150 गुणांची असते : वाचन 50, लेखन 50 आणि संख्याज्ञान 50. प्रत्येक भागात 33 टक्के मिळाले की प्रमाणपत्र. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा 17 मार्च 2024 रोजी झाली. मराठीबरोबर उर्दूतूनही देता येते, आणि दिवसभरात आपल्या सोयीच्या वेळी केंद्रावर जाऊन तीन तासांत सोडवायची असते. केंद्र बहुतेक वेळा जवळचीच शाळा असते. आदल्या आठवड्यात एक दिवस वर्ग त्याच शाळेत, त्याच बाकांवर भरवावा. चटईवर लिहायला शिकलेल्या बाईला बाकावर बसून लिहिणे अवघडते, आणि कितीतरी जणी तर त्या इमारतीत फक्त मुलाला सोडायला फाटकापर्यंत गेलेल्या असतात. एकदा आत जाऊन, नळाचे पाणी पिऊन, बाकावर हात फिरवून आल्या की परीक्षेच्या दिवशी पाय अडत नाहीत. चश्मा न्यायला विसरू नये. हे दोनदा सांगावे.

परीक्षा झाल्यावर काय वाचायला द्यायचे, हा प्रश्न अजून राहिला आहे. मोठ्या टाइपातली, मोठ्या माणसांच्या विषयांची, चार पानांची पुस्तके फार कमी आहेत. आम्ही सध्या वर्गातल्या बायका सांगतात त्या पाककृती आणि हकिगती मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या झेरॉक्स काढतो. आतापर्यंत 14 झाल्या आहेत, त्यातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली 'शिळ्या भाकरीचा मलिदा'. कोणाकडे असे काही तयार असेल तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे, मूळ प्रत परत करू.

पुढील अंकात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घरी उर्दू कशी शिकवावी याविषयी लिहीन, इन्शाअल्लाह.